समोरच्या दारातली वाटी

कैऱ्या आल्या की मला राग येतो.

इतरांचं तसं नसतं हे मला माहीत आहे. कैरी पाहिली की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं, कुणाला आजोळ आठवतं, कुणाला शाळेच्या फाटकाबाहेरची तिखटमीठ लावलेली फोड. मला कर्वेनगरातल्या एका सोसायटीचा तिसरा मजला आठवतो. समोरासमोर दोन दारं, मधे दोन पायपुसणी मावतील एवढी जागा, आणि त्या जागेतून सबंध उन्हाळा ये-जा करणारी एक स्टीलची वाटी. काल खाली हातगाडी आली. मी किलोभर कैऱ्या घेऊन वर आले, पहिलीचा देठ मोडला, चीक बोटाला लागला, आणि इतक्या वर्षांपूर्वीचा राग कालच घासून ठेवल्यासारखा लख्ख वर आला. राग फार टिकतो. लोणच्याची निदान काळजी घ्यावी लागते, ओला चमचा लागू द्यायचा नाही वगैरे. रागाला तेवढंही लागत नाही.

त्यात समोरच्या लिमयेकाकू म्हणजे देवमाणूस, असं सगळी सोसायटी म्हणायची. हे मला आणखी झोंबायचं. अजून झोंबतं.

हिंजवडी तेव्हा नुकती कुठे हिंजवडी होऊ लागली होती. उसाच्या फडाला लागून काचेची इमारत, इमारतीच्या कुंपणापाशी रवंथ करणाऱ्या म्हशी, आणि आत गळ्यात पट्टे अडकवलेले आम्ही. सकाळी चौकात कंपनीची बस यायची. बसमधल्या गार हवेत अर्धी झोप पुरी करायची आणि उतरलं की दुसऱ्या गार हवेत शिरायचं. बाहेर वैशाख आहे की पौष, काही कळत नसे. माझं काम टेस्टिंगचं. दुसऱ्यानं लिहिलेला प्रोग्रॅम घ्यायचा, तो मुद्दाम वेड्यासारखा वापरायचा आणि कुठे फसतो ते शोधून काढायचं. म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढण्याचा मला पगार मिळत होता. या धंद्यात एक गोष्ट लवकरच कळते. एखाद्या भागाबद्दल एकही तक्रार आली नाही, तर तो बिनचूक आहे असं समजायचं नाही. बहुतेक वेळा तो कुणी वापरूनच पाहिलेला नसतो. हे मी तेव्हा फक्त कामापुरतं शिकले होते.

नवरा सरकारी नोकरीत, त्याची बदली चंद्रपूरला. घरात मी आणि माझी मुलगी प्रज्ञा. प्रज्ञा तिसरीत होती. तिची सकाळची शाळा, दुपारी रिक्षाकाका तिला फाटकाशी सोडायचे, आणि माझी बस परत यायची ती दिवेलागणीला. मधल्या वेळासाठी घराची किल्ली समोर ठेवावी लागे. किल्ली ठेवणं म्हणजे अर्धं घर हवाली करणं. मी ते काकूंच्या हवाली केलं, कारण समोर दुसरं दारच नव्हतं.

काकू सत्तरीच्या, एकट्या राहत. मुलगा बंगळूरला, माझ्याच धंद्यात. सारा जन्म शाळेत शिकवण्यात गेलेला, त्यामुळे निवृत्त झाल्यावर त्यांनी सोसायटी तपासायला घेतली होती. त्यांच्या तावडीतून कुणी सुटत नसे. दूधवाल्याला म्हणायच्या, "अहो, म्हैस आजारी आहे का? दूध फार अशक्त दिसतंय." दुसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंनी शिरा पाठवला, तर जिन्यात गाठून सांगितलं, "शिरा छान हो. रवा भाजला असता तर आणखी छान झाला असता." गणपतीत पोरं आरती भरभर म्हणू लागली की त्या ताम्हन खाली ठेवून विचारायच्या, "बाप्पाला गाडी पकडायची आहे का?" लोक वैतागायचे, पण पुन्हा शिरा पाठवायचे. काकूंनी चुका काढल्या नाहीत तर आपलं काही बिनसलंय की काय, असं वाटायचं.

जिन्याखाली एक फळा होता. त्यावर काकू रोज सकाळी सुवाच्य अक्षरात सुविचार लिहायच्या. बहुतेक सुविचार एकाच वळणाचे असत. देव देवळात नसून माणसात असतो, भुकेल्यात असतो, शेजाऱ्यात असतो, असं. बस पकडायला धावताना तो फळा मला वाचावाच लागायचा.

आमच्या घरात देव नाहीत. आजोबांनी दीक्षा घेतली त्या वर्षी घरातले सगळे देव टोपलीत घालून नदीत सोडले. आजी सांगायची, जाताना टोपली जड लागली आणि येताना हात इतके हलके झाले की काय करावं कळेना, म्हणून ती रस्त्यानं हात हलवत आली. त्या हलक्या हातांची मी नात. देव माणसात असतो म्हणणाऱ्यांबद्दल माझ्या मनात पहिल्यापासूनच अढी. माणूस आहे हे दिसत असताना त्याच्यात आणखी कुणाला तरी शोधायचं कशाला? माणूस पुरत नाही का?

आम्ही राहायला आलो त्या दिवशी सामान जिन्यातून वर चढत असतानाच काकू दारात आल्या.

"आपण कुठल्या?"

"वर्ध्याच्या."

"अरे वा. आडनाव?"

"मेश्राम."

"म्हणजे…" त्या थांबल्या.

"म्हणजे तेच," मी म्हणाले.

"नाही, मी आपलं सहज विचारलं."

"मीही सहजच सांगितलं."

माझ्या मागे हमालानं बुद्धाची मूर्ती आणि निळ्या कोटातला फोटो भिंतीला टेकवून ठेवला होता. काकूंनी तिकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "पाणी सकाळीच येतं. भरून ठेवत जा." आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी मला उठायला उशीर झाला, तर माझ्या दाराशी दोन बादल्या भरून ठेवलेल्या. हे सांगायला हवं. त्या वाईट असत्या तर माझं काम सोपं होतं.

मग चैत्र आला. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला काकूंनी सगळ्या मजल्यांवरच्या बायका बोलावल्या. जिन्यात दिवसभर मोगऱ्याचा, खसाच्या अत्तराचा आणि नव्या साड्यांचा वास. मला बोलावणं नव्हतं. संध्याकाळी दार वाजलं. काकू उभ्या. हातात वाटी, वाटीत आंब्याची डाळ.

"तुमच्यात हळदीकुंकू चालत नाही, म्हणून बोलावलं नाही. डाळ तेवढी आणली."

चालत नाही हे खरंच होतं. पण ते माझं मी सांगायचं होतं. वाटी मात्र मी घेतली. जाडसर वाटलेली हरभऱ्याची डाळ, तिच्यात आंबट कैरीचा कीस, वरून हिंग-मोहरीची फोडणी आणि तडतडलेली लाल मिरची. रागात असूनही मी ती बोटानं पुसून खाल्ली. वाटी काकूंच्या लग्नातली, तळाशी बारीक ठिपक्याठिपक्यांनी त्यांचं नाव कोरलेलं.

आता आली का पंचाईत. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत द्यायची नाही. हा नियम काकूंच्या घरात होता तसा माझ्या आईच्या घरातही होता. वर्धा आणि पुणे यांचं दुसऱ्या कशावर एकमत असेल असं मला वाटत नाही. मी भरल्या वांग्यांची भाजी केली आणि वाटी भरून समोर दिली. दुसऱ्या दिवशी जिन्यात काकू म्हणाल्या, "वांगी अप्रतिम हो!" आणि दोन दिवसांनी त्याच वाटीतून मेथांबा आला. मी झुणका पाठवला. "सुरेख!" मग साखरांबा आला. मी गोळाभात पाठवला, सांबारवडी पाठवली. "काय हात आहे तुमचा!"

मी फुलून गेले. रवा भाजला नाही म्हणून सूनबाईंना फाडून खाणारी बाई माझ्या वांग्यांना अप्रतिम म्हणते, म्हणजे काय! टेलिफोन बूथवरून वर्ध्याला आईला फोन लावला, तर आई म्हणाली, "कायले एवढी भुलतं वं? तू पाह्यलं का तिले खाताना?"

मला आईचा राग आला. म्हटलं, जुनी माणसं, जुन्या जखमा घेऊन बसतात. हे पुणं आहे, मी कंप्युटरवर काम करते, जग बदललं. आई फक्त "बरं" म्हणाली आणि पावसाच्या आधी गहू भरून ठेव, असं सांगून तिनं फोन ठेवला.

एका रविवारी मी गोळाभात केला आणि त्यात मीठच घालायचं विसरले. वाटी समोर पोचली, आम्ही जेवायला बसलो, आणि पहिल्याच घासाला प्रज्ञानं तोंड वाकडं केलं. "आई, मीठ!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता काकूंची जीभ काय काय करेल, या विचारानं रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी जिन्यात त्या फळा पुसत होत्या. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "कालचा भात अप्रतिम!"

मी बसमध्ये जाऊन बसले. चांदणी चौक कधी मागे गेला कळलं नाही. एकही तक्रार नाही. चैत्रापासून एकही नाही. दुधाला, आरतीला, वॉचमनच्या शिट्टीला नावं ठेवणाऱ्या बाईची माझ्या जेवणाबद्दल एकही तक्रार नाही. सगळ्या गार हवेत माझे कान तापले.

राहिलेलं शेवंताबाईंनी सांगितलं. त्या लोणी काळभोरकडच्या, आमच्या दोन्ही घरची धुणीभांडी करायच्या. माझ्या मोरीत बसून कढई घासता घासता म्हणाल्या, "ताई, परवाच्या भातात मीठ इसरला व्हता का? बाकी लई झ्याक व्हता. पोरांनी वरनं मीठ घिऊन खाल्ला."

"तुम्ही खाल्लात?"

"काकू समदं मलाच देत्यात की. त्यास्नी तिखट सोसत न्हाई म्हनं."

त्या बिचाऱ्या कढई घासत राहिल्या. त्यांच्या पोरांनी खाल्लं याचा मला आनंदच झाला, पोरांना आवडलं याचाही. पण त्या संध्याकाळी मी ओट्याशी उभी राहून हुंदके देऊन रडले. चांगली चाळिशीला टेकलेली, पगारदार, गळ्यात पट्टा अडकवणारी बाई. आईला फोन मात्र केला नाही. तिचं "बरं" मला पुन्हा ऐकायचं नव्हतं.

मग मी माझ्या धंद्याप्रमाणे वागले. खात्री करून घेतली. एकदा झुणक्यात मूठभर मिरच्या घातल्या. "सुरेख!" एकदा कारली मीठ न लावता, न पिळता, तशीच कडूजहर परतून पाठवली. "तुमची कारली म्हणजे, वा!" खोटं बोलतानाही काकूंचा चेहरा इतका प्रेमळ असायचा की मला तो ओरबाडावासा वाटायचा.

आता माझ्या टॉवरमध्ये, चौदाव्या मजल्यावर, शेजारी फार गोड आहेत. दारांवर नावं नाहीत, आकडे आहेत. मी कधी काही दिलं तर प्लास्टिकचा डबा रिकामा परत येतो आणि मोबाइलवर दोन जोडलेले हात येतात. "ऑसम होतं आंटी!" सगळ्यांचं सगळंच ऑसम असतं. तो शब्द दिसला की मला काकूंचं अप्रतिम आठवतं आणि मी मोबाइल पालथा ठेवते. कुणी खाल्लं, कुणी कचऱ्यात टाकलं, कोण जाणे.

तर तेव्हा मी वाटी पाठवणं का थांबवलं नाही? आईनं नंतर हेच विचारलं. त्याचं कारण प्रज्ञा.

प्रज्ञा रोज दुपारी काकूंकडे जेवायची. मऊ भात, पिवळं वरण, वर तुपाची धार, लिंबाची फोड. काकू तिचे पाढे घ्यायच्या, अक्षर गिरवून घ्यायच्या, डोक्याला तेल लावून घट्ट वेण्या घालायच्या. म्हणजे स्पर्शाची अडचण नव्हती. अडचण घासाची होती, आणि तीही एकाच बाजूनं. देणं चालत होतं, घेणं चालत नव्हतं. वरून खाली अन्न वाहतं, खालून वर वाहत नाही, हे पाण्यासारखं त्यांना सरळ वाटत असणार. आणि माझी मुलगी रोज त्या उताराच्या खालच्या टोकाला बसून जेवत होती, हे तिला कळत नव्हतं. पण कधीतरी कळणार होतं.

एका संध्याकाळी तिनं विचारलंच. "आई, काकू आपल्याकडे कधीच का जेवत नाहीत?"

"त्यांना तिखट सोसत नाही," मी म्हणाले.

माझ्या तोंडून काकूंचं खोटं बाहेर पडलं. माझ्या आजीनं हलके केलेले हात, आणि त्यात मी ते खोटं घेऊन उभी. त्या क्षणी मी ठरवलं. मला काकूंची मैत्री नको होती, माफी नको होती, फळ्यावरचा सुविचारही नको होता. मला एकच हवं होतं. काकूंनी माझ्या हातचा एक घास माझ्यासमोर, माझ्या मुलीसमोर खायचा. मुलीला खरं सांगायची वेळ येण्याआधी.

पुण्याचा मे महिना. पाण्याचे टँकर फाटकात, गच्चीवर जुन्या साड्यांवर घातलेल्या कुरडया, त्यांना राखत बसलेल्या बायका, जिन्यात लोणच्याच्या मसाल्याचा ठसका. प्रज्ञाचा निकाल लागून सुट्टी सुरू झालेली. आणि मी रोज वाटी भरत होते. हो, रोज. आधी त्यांनी दिलं की मी द्यायचे. आता त्यांची वाटी यायची वाट न पाहता मी माझ्याच वाट्या पाठवू लागले. काकूंना ते कळत होतं. "अहो, कशाला रोज रोज?" म्हणायच्या. "शेजारधर्म," मी म्हणायचे. त्या वाटी घ्यायच्या, कारण अन्न घेऊन आलेल्याला दारातून परत पाठवणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं. ते खाणं बसत नव्हतं. टाकणं तर मुळीच नाही. त्यांची ही कोंडी मला कळली होती आणि खरं सांगते, मला ती फार आवडत होती. सुटका एकच होती, शेवंताबाई.

आणि शेवंताबाई भाच्याच्या लग्नाला गावी गेल्या.

दुसरा दिवस शनिवार, मला सुट्टी. सकाळीच मी पाटवडी करायला घेतली. बेसनात भरपूर लसूण ठेचून घातला, हिरवी मिरची, ओवा. ताटलीत थापून वर खोबरं-कोथिंबीर पेरली आणि शंकरपाळ्यासारख्या वड्या कापल्या. काकूंचीच नाव कोरलेली वाटी माझ्याकडे होती, तीच भरली आणि स्वतः समोर नेऊन दिली.

"शेवंताबाई नाहीत ना आज," मी म्हणाले. "तुम्हालाच खाव्या लागतील."

काकूंचा चेहरा उतरला. त्यांना कळलं की मला कळलंय. मग त्या सरळ उभ्या राहिल्या. "तर काय. खाईन की," म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

मी घरात येऊन पंख्याखाली बसले. दुपार झाली. समोरचं दार हललं नाही. प्रज्ञा मधेच उठून काकूंकडे कॅरम खेळायला गेली आणि थोड्या वेळानं परत आली.

"आई, काकूंनी आपल्या वड्यांची वाटी देवापुढे ठेवली. डोळे मिटून किती वेळ बोलत होत्या. मग म्हणाल्या, आईला सांग, प्रसाद घेऊन येते."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. घरातून नदीपर्यंत नेऊन सोडलेला देव या बाईनं माझ्या वाटीतून परत माझ्या दाराशी आणला होता.

काकू आल्या. इस्त्रीचं पातळ, ओले केस, म्हणजे पुन्हा अंघोळ करून आल्या होत्या. हातात तीच वाटी, अर्ध्या वड्या, त्यावर एक तुळशीचं पान.

"घ्या, प्रसाद."

"कसला?"

"तुमच्याच वड्यांचा. नैवेद्य दाखवला. लसूण होता त्यात, वास आला मला. त्याला म्हटलं, आजच्या दिवस चालवून घे."

"मग घेतलं त्यानं चालवून?"

"त्याची कधी तक्रार नसते."

"आणि तुमची?"

"आता माझीही नाही. प्रसादाला कोण नाही म्हणतं? प्रसाद म्हटला की कुणी केला, कुणी दिला, काही राहत नाही."

एवढं बोलून त्या थोड्या हसल्या, गणित सुटलेल्या मुलासारख्या. आणि मला दिसलं की बाईनं सकाळपासून खरोखरच डोकं चालवलं होतं. टाकता येत नाही, खाता येत नाही, द्यायला कुणी नाही. मग त्याला पुढे केलं. त्यानं खाल्लं की ते माझ्या हातचं उरत नव्हतं.

"म्हणजे तो मधे नसता, तर ते माझ्या हातचंच राहिलं असतं," मी म्हणाले.

काकूंनी वाटीवरचं पान सरळ केलं.

"फळ्यावर रोज लिहिता, देव शेजाऱ्यात असतो म्हणून. मग शेजारणीच्या वाटीला आणखी वेगळा देव कशाला लागतो?"

"तुम्ही तरी कुठे माझा प्रसाद घेता?" काकूंचा आवाज चढला. "सत्यनारायणाचा शिरा परत केलात. मी काही म्हटलं?"

"मी तुमचा देव घेत नाही, काकू. तुमची डाळ मी वाटी पुसून खाल्ली आहे. तुम्ही माझ्याकडचं नेमकं काय घेत नाही, ते सांगा. ही उभी आहे, हिच्यासमोर सांगा."

प्रज्ञा माझ्या मागे ओढणी धरून उभी होती. काकूंनी तिच्याकडे पाहिलं. सकाळी त्यांनीच घातलेल्या वेण्या. जिन्यात खालून कुणीतरी वर येत होतं, ते मधल्याच मजल्यावर थबकलं. काकूंनी चौकटीला हात टेकला.

"सत्तर वर्षांची सवय आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "चूक आहे, कळतं मला. शाळेत जन्मभर मुलांना हेच शिकवलं. पण घास उचलला की हात मधेच थांबतो. एकटीनं जमेना. म्हणून त्याला पुढे केलं."

हे ऐकून मी विरघळले असते तर हा लेख फार छान झाला असता. मी विरघळले नाही. सत्तर वर्षं हात त्यांचा थांबत होता आणि उपाशी आम्ही राहिलो होतो.

"मग आता त्याला आत ठेवून या," मी म्हणाले.

काकू आत गेल्या नाहीत. त्यांनी वाटीतलं तुळशीचं पान दोन बोटांनी उचललं आणि आपल्या ओल्या अंबाड्यात खोचलं. मग एक वडी उचलली. हात खरंच मधे थांबला. मी पाहिलं, खोटं नव्हतं ते. मग त्यांनी डोळे न मिटता, आमच्या दोघींकडे पाहत, माझ्या उंबऱ्यावर उभ्या उभ्या ती वडी तोंडात घातली. हळूहळू चावली. गिळली. प्रज्ञा श्वास धरून बघत होती.

"मीठ कमी आहे," काकू म्हणाल्या.

त्यांनी वाटीतल्या वड्यांकडे निरखून पाहिलं.

"आणि पीठ घाईनं उतरवलंत. आणखी एक वाफ हवी होती. लसूण मात्र बरा लागतो, मला वाटलं नव्हतं."

चैत्रापासून ऐकलेली सगळी अप्रतिमं त्या एका वाक्याखाली गाडली गेली. मी देव मानत नाही, तेव्हा मानला नाही आणि आता या वयात मानणार नाही. काकूंशी पुढे माझं फार सख्य झालं असंही नाही. आम्ही शेवटपर्यंत भांडलो, पाण्यावरून, कचऱ्याच्या डब्यावरून, प्रज्ञाच्या अक्षरावरून. पण देव माणसात असतो म्हणजे नेमका कुठे, असं मला कुणी विचारलं, तर मी सांगेन, जिभेवर. तुमच्या वडीत मीठ कमी आहे हे ज्या जिभेला कळतं, तिच्यावर. दुसरीकडे कुठे असेल तर मला दिसलेला नाही.

मी आत गेले आणि मिठाची बरणी घेऊन आले. चिमूट भरून काकूंपुढे धरली.

"हातावर मीठ देऊ नका हो," काकू मागे सरल्या. "भांडण होतं."

"आणखी कुठलं व्हायचं राहिलंय?"

काकूंनी क्षणभर विचार केला. मग वाटी डाव्या हातात घेतली आणि उजवा तळवा माझ्यापुढे पसरला.